साडेसहा लिटर, पण कुणाच्या आयुष्यभराचे?

गाडीच्या मॅन्युअलमधलं सगळ्यात कमी वाचलं जाणारं पान म्हणजे शेवटचं, 'स्पेसिफिकेशन्स'चं. टायरमध्ये हवा किती भरायची हे बघायला कुणी तिथवर गेलंच तर गेलं. पण ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे पान एकदा तरी नीट वाचावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण गाडी बनवणाऱ्या कंपन्या आपल्याला काय समजतात, ते तिथे बारीक टायपात छापलेलं असतं.

उदाहरणादाखल २०१२ ते २०१७ या मॉडेल वर्षांतली टोयोटा कॅमरी घेऊ. अमेरिकेत ही अगदी साधी फॅमिली सेडान. तिकडे गेलेल्या आपल्या कितीतरी मंडळींची पहिली 'मोठी' गाडी हीच. आपल्याकडे तीच गाडी २०१२ पासून कर्नाटकातल्या बिदडीच्या कारखान्यात जुळवली जायची, आणि इथे ती साहेबाची गाडी होती. असो. २.५ लिटर पेट्रोल इंजिन, ६ गिअरचा ऑटोमॅटिक. मॅन्युअल म्हणतं, ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइडची (यापुढे नुसतं 'तेल' म्हणू) क्षमता ६.५ लिटर. आणि त्या शब्दांवर एक चांदणी. खाली चांदणीचा खुलासा असा, की हा आकडा फक्त संदर्भासाठी आहे, तेल बदलायची गरज पडली तर डीलरला भेटा.

आता जरा थांबून विचार करा. आकडा दिला, पण वापरायचा नाही. 'बदलायचं झालं तर' म्हटलं, पण कधी बदलायचं ते त्या पानावर नाही. बदलताना किती लागेल, तेही नाही. उद्या मी एखाद्या फंक्शनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलं की 'हे ६.५ परत करतं, पण त्यावर विसंबू नका, अडचण आली तर आमच्या सेल्स टीमला फोन करा', तर कोड रिव्ह्यूमध्ये माझी काय शोभा होईल! गाडीच्या बाबतीत मात्र आपण हे निमूट वाचतो. खरं तर वाचतही नाही.

आधी तो आकडा समजून घेऊ. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल म्हणजे इंजिन ऑइलचा धाकटा भाऊ नव्हे. ते एकाच वेळी चार नोकऱ्या करतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद चाकांकडे पोचवणारं माध्यम तेच. गिअर बदलताना क्लच दाबून धरणारा हायड्रॉलिक दाब त्याचाच. वंगण तेच, आणि आतली उष्णता कूलरपर्यंत वाहून नेणारंही तेच. वर क्लचच्या चकत्यांमध्ये घर्षण किती असावं, ना जास्त ना कमी, हे त्यातल्या रसायनांवर ठरतं. ती रसायनं उष्णतेने थकतात, आणि चकत्यांची झीज बारीक काळ्या भुकटीच्या रूपाने त्याच तेलात फिरत राहते.

हे ६.५ लिटर एका जागी साठलेलं नसतं. काही खालच्या चेंबरमध्ये, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, काही कूलरमध्ये आणि नळ्यांमध्ये, काही व्हॉल्व्ह बॉडीच्या चक्रव्यूहात. तुम्ही खालचा ड्रेन प्लग उघडलात की बाहेर येतं ते फक्त चेंबरमधलं, म्हणजे एकूण तेलाच्या निम्म्याहून बरंच कमी. बाकीचं वरच राहतं.

हिशोबासाठी धरू की ४० टक्के निघालं, म्हणजे २.६ लिटर. तेवढंच नवीन ओतलं. आत अजून ६० टक्के जुनं आहे. थोडी गाडी फिरवून सगळं मिसळू दिलं आणि पुन्हा तेवढंच बदललं, तर जुनं उरलं ३६ टक्के. तिसऱ्यांदा केलं तर २१.६ टक्के. म्हणजे साडेसहा लिटरच्या गिअरबॉक्ससाठी ७.८ लिटर नवीन तेल वापरूनसुद्धा पाचव्या हिश्श्याहून जास्त जुनंच! घरी कढईतलं तळणीचं तेल थोडं काढून त्यात नवीन ओतत राहिलं की जे होतं, तेच. आणि त्या कढईतलं तेल 'लाइफटाइम' आहे असं तुमच्या आईला सांगून बघा, काय उत्तर मिळतं ते :-)

तर सांगायचा मुद्दा हा, की 'क्षमता' हा एकटा आकडा मालकाच्या काही कामाचा नाही. त्याच्या शेजारी 'एका वेळी बदलताना किती' हा दुसरा आकडा लागतो. आणि हे अशक्य आहे असंही नाही. होंडाच्या मॅन्युअलमध्ये वर्षानुवर्षं 'बदलताना' आणि 'एकूण' असे दोन वेगळे आकडे शेजारी शेजारी छापलेले आहेत. त्याने होंडाचं दिवाळं निघालं नाही, की मालकांनी रस्तोरस्ती गिअरबॉक्स खोलून ठेवले नाहीत.

तिसरा आकडा तापमानाचा. तेल गरम झालं की फुगतं, त्यामुळे पातळी कुठल्या तापमानाला मोजली हे माहीत नसेल तर त्या मोजण्याला अर्थ नाही. पूर्वी यासाठी डिपस्टिक असायची, तिच्यावर 'थंड' आणि 'गरम' अशा वेगळ्या खुणा. मालकाने बॉनेट उघडायचं, काठी पुसायची, बुडवायची, बघायची. या कॅमरीला ती काठीच नाही. गाडी सपाट जागी लिफ्टवर घ्यायची, इंजिन चालू ठेवायचं, तेल साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आलं की खालचा प्लग उघडायचा आणि जादा तेल बारीक धारेने ठिबकेपर्यंत थांबायचं. तेल त्याहून जास्त तापलेलं असताना प्लग उघडला तर फुगलेलं तेल जादा म्हणून वाहून जातं, आणि गार झाल्यावर कमी पडतं. आता मे महिन्यात नागपूरला भर दुपारी ही मोजणी कशी करणार, सांगा. तिथे सावलीतच ४५ अंश! आणि तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतात आणि जळतात. जास्त झालं तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, आणि फेसाने दाब धरत नाही, म्हणजे परिणाम तोच. लस्सी चांगली लागते म्हणून सगळंच घुसळून चालत नाही.

आता येऊ मुख्य भांडणाकडे. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे सगळं विचारायला जा. मी गेलो होतो. उत्तर आलं, "सर, गिअरबॉक्स सील्ड आहे, लाइफटाइम ऑइल आहे, काही करायचं नसतं." बरं. माझ्या एका मित्राने सहा वर्षं जुनी ऑटोमॅटिक सेडान विकत घेतली, दुसरा मालक म्हणून. सव्वा लाख किलोमीटरच्या आत गिअर घसरायला लागले. त्याला मिळालेला पहिला प्रश्न काय असेल? "सर, तेल कधी बदललं होतंत?" हे वाचून हसू आलं तर हसा, त्याला आलं नाही. गिअरबॉक्सचं एस्टिमेट त्याने गाडीला मोजलेल्या रकमेच्या निम्म्याला टेकलं होतं, आणि गाडी कर्जावर होती.

म्हणजे बघा, वॉरंटी चालू असेपर्यंत तेल आयुष्यभराचं, आणि वॉरंटी संपल्यावर ते वेळेवर न बदलल्याची जबाबदारी मालकाची. मग 'लाइफटाइम' म्हणजे नेमकं कुणाचं आयुष्य? गाडीचं नाही, मालकाचं तर नाहीच. आमच्या धंद्यात याला सपोर्ट पीरियड म्हणतात. फरक इतकाच, की आम्ही त्याची शेवटची तारीख जाहीर करतो.

यात कंपनीचा फायदा काय, असं कुणी विचारेल. साधा आहे. नवी गाडी विकताना 'पाच वर्षांचा मेंटेनन्स खर्च इतका कमी' हे छापता येतं. पहिल्या काही वर्षांची सर्व्हिस फुकट दिली असेल, तर तेवढं एक महागडं तेल कमी ओतावं लागतं. पहिला मालक साधारण पाच-सहा वर्षांत गाडी विकून मोकळा होतो, त्यामुळे तक्रार करणारा माणूस हा कंपनीचा गिऱ्हाईकच नसतो. तो दुसरा मालक असतो. पहिली गाडी म्हणून सेकंडहँड घेणारा, रिक्षाला कंटाळलेला, घरी म्हातारे आईवडील आहेत म्हणून ऑटोमॅटिक शोधणारा. ही सगळी बचत त्याच्या खिशातून होते.

'पण कंपनीचे इंजिनियर तुझ्यापेक्षा शहाणे असतील ना?' असतील, नक्कीच असतील. म्हणून इंजिनियरच काय म्हणतात ते ऐकू. झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते, आणि बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत तेच बसतात. बीएमडब्ल्यूने कित्येक वर्षं या तेलाला लाइफटाइम म्हटलं. आणि गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ काय सांगते? वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा फार तर आठ वर्षांनी तेल बदला. म्हणजे ज्याने यंत्र बनवलं तो बदला म्हणतो, आणि ज्याने ते गाडीत बसवून विकलं तो नको म्हणतो. तुम्ही कुणाचं ऐकाल?

मर्सिडीजने १९९६ च्या सुमारास पाच गिअरचा नवा ऑटोमॅटिक आणला, लाइफटाइम तेलासकट. त्याला डिपस्टिकची नळी होती, नळीवर झाकण होतं, झाकणाला सीलची पिन होती, आणि आत काठीच नव्हती! काठी फक्त वर्कशॉपमधलं हत्यार. मालकाने बघायचंच नाही. पुढे त्याच मर्सिडीजने तेल बदलण्याचं वेळापत्रक आणलं. आयुष्य मधेच संपलं म्हणायचं.

फोक्सवॅगनची गोष्ट आपल्या हवेशी जास्त संबंधित आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये या कंपनीने सात गिअरच्या डीएसजीसाठी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. का? तर गिअरबॉक्समधल्या सिंथेटिक तेलामुळे, विशेषतः उष्ण आणि दमट हवेत, विजेचा बिघाड होऊ शकत होता. उपाय काय केला? ते काढून मिनरल तेल भरलं. डीएसजीची रचना कॅमरीच्या ऑटोमॅटिकपेक्षा वेगळी आहे, हे मान्य. पण धडा तोच आहे. तेल हा यंत्राचा बदलता येणारा भाग आहे, त्याच्यावर हवामानाचा परिणाम होतो, आणि कारखान्यात बसून 'आयुष्यभर' म्हणणाऱ्याला मुंबईचा जून महिना माहीत असेलच असं नाही.

हवामानावरून आठवलं. होंडाच्या अमेरिकेतल्या जुन्या मॅन्युअलमध्ये 'कठीण वापर' कशाला म्हणायचं याची यादी असायची, आणि त्यात मोडणाऱ्या गाड्यांना देखभाल लवकर. यादीत होतं काय? ३२ अंशांच्या वरचं तापमान, तिथे त्याला 'अत्यंत उष्ण' म्हटलंय. बराच वेळ गाडी जागेवर चालू ठेवणं. थांबत थांबत चालणारा ट्रॅफिक. डोंगराळ रस्ता. धूळ. पुण्याहून हिंजवडीला रोज जाणाऱ्या माणसाने ही यादी वाचली तर त्याला वाटेल, कुणीतरी आपला पाठलाग करून लिहिलीये. आपला रोजचा नॉर्मल वापर हा त्यांचा 'कठीण वापर' आहे, आणि तरी आपल्याला काउंटरवर त्यांच्या नॉर्मलचंच उत्तर मिळतं.

आता दुसऱ्या बाजूचीही झाडाझडती घेऊ, नाहीतर म्हणाल हा कंपन्यांवरच घसरलाय. कंपनीने माहिती दिली नाही की ती पोकळी कोण भरतं? कोपऱ्यावरचं 'ऑटोमॅटिक स्पेशालिस्ट' गॅरेज. तिथे उत्तर उलटं. "साहेब, मशीन लावून फुल फ्लश करू, १२ लिटर लागेल." का १२? आठ का नाही? तुमच्या गिअरबॉक्सची एकूण क्षमताच तुम्हाला माहीत नाही, तर तुम्ही घासाघीस कशावर करणार? कंपनी म्हणते शून्य लिटर, गॅरेजवाला म्हणतो १२ लिटर, आणि मधे आपण पाकीट हातात धरून उभे. एक आकडा लपवला की त्याच्या दोन्ही बाजूंना धंदा उभा राहतो.

कंपन्यांच्या बाजूने बोलण्यासारखं जे आहे, ते प्रामाणिकपणे मांडतो. एक, आजची सिंथेटिक तेलं पूर्वीपेक्षा खरंच जास्त टिकतात. मान्य, मग तो वाढलेला आकडा छापा. एक लाख किलोमीटर म्हणा, दीड म्हणा, पण आकडा म्हणा. 'आयुष्यभर' हा आकडा नाही.

दोन, काठी दिली की लोक चुकीचं तेल ओततात, धूळ आत घालतात. हेही खरं आहे. कॅमरीला टोयोटाचं डब्ल्यूएस तेल लागतं, तिथे दुसरं कुठलं तरी चालवलं तर गिअर झटके देऊ शकतात आणि नुकसान होऊ शकतं. पण अज्ञानामुळे होणाऱ्या चुकांवर उपाय म्हणून आणखी अज्ञान? पासवर्ड विसरतात म्हणून लोकांना लॉगिनच द्यायचं नाही, असलं हे लॉजिक आहे.

तीन, 'जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की तो बसतोच', हे आपल्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. अहो, पण तेल बदलायचं कधी सुचतं? गिअर घसरायला लागल्यावर! आयसीयूत नेलेला माणूस दगावला म्हणून आयसीयूला दोष द्यायचा का? चकत्या आधीच संपलेल्या असतील तर नवीन तेल त्या परत आणत नाही. हा युक्तिवाद वेळेवर तेल बदलण्याच्या बाजूचा आहे, विरोधातला नाही.

आणि हा निव्वळ माझ्यासारख्या रिकामटेकड्याचा वीकेंडचा छंद नाही, याला कायद्याचीही बाजू आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. आरोप हाच होता, की सुटे भाग, निदानाची साधनं आणि दुरुस्तीची माहिती या कंपन्या बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोचू देत नाहीत. बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाचा वाद पुढे कित्येक वर्षं रेंगाळला, ते सोडा. पण तत्त्व तेव्हाच लिहून झालंय. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यातही वाहनं आहेत. म्हणजे आपण मागतोय ते काही जगावेगळं नाही.

मागणी काय, तर ऑटोमॅटिक गाडीच्या मॅन्युअलमध्ये पुढच्या पाच गोष्टी बिनचांदणीच्या छापा:

१. गिअरबॉक्समधलं एकूण तेल किती लिटर.
२. एका वेळी ड्रेन करून बदलताना किती लिटर.
३. पातळी कुठल्या तापमानाला आणि कशी तपासायची.
४. कुठल्या नावाचं तेल.
५. किती किलोमीटर किंवा किती वर्षांनी बदलायचं, साध्या वापरात आणि कठीण वापरात. आणि भारतातल्या शहरी ट्रॅफिकला सरळ कठीण वापर म्हणा.

पाच ओळी. एका गाडीच्या ब्रोशरमध्ये ॲम्बियंट लायटिंगच्या रंगांवर यापेक्षा जास्त शाई खर्च होते.

तोवर आपण काय करायचं? सोमवारी ऑफिसात पोचलात की, चहा यायच्या आत, सर्व्हिस सेंटरला एक ई-मेल टाका. फोन नाही, ई-मेल. गाडीचं मॉडेल, वर्ष, गिअरबॉक्सचा प्रकार लिहा आणि हेच पाच प्रश्न विचारा. प्रकार नक्की लिहा, कारण टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि डीसीटी या तिघांची तेलं वेगळी असतात, आणि एएमटी तर मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, त्यात साधं गिअर ऑइल असतं. 'लाइफटाइम' असं उत्तर आलं तर परत विचारा, 'म्हणजे किती किलोमीटर? आणि त्याआधी गिअरबॉक्स गेला तर दुरुस्ती फुकट का?' हे उत्तर लेखी मागा. काउंटरवर ठणकावून बोलणारा माणूस लेखी द्यायची वेळ आली की बराच मवाळ होतो, असा अनुभव आहे.

सेकंडहँड ऑटोमॅटिक घेत असाल तर विकणाऱ्याला गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल मागा. बिल नसेल तर ते काम राहिलंय असं धरा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्या. फ्लश मशीनवाल्याला मात्र आधी एकूण क्षमता विचारा. त्याला सांगता आली नाही, तर गाडी तिथून बाहेर काढा.

बाकी ते स्पेसिफिकेशन्सचं पान तुमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेलंच आहे, पीयूसीच्या जुन्या कागदांखाली. आज शनिवार आहे, वेळही आहे. काढा आणि बघा, तुमच्या आकड्यावर चांदणी आहे का.